ऑलिव्हच्या जातींची जनुकीय ओळख

भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हची झाडे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः कलमांनी वाढवली गेली. कलमे गावोगाव फिरली आणि नावांचा घोळ झाला: एकाच जातीला अनेक नावे, वेगळ्या जातींना एकच नाव. पाने-फळे हवामानानुसार थोडी बदलतात, म्हणून केवळ रूपावरून जात ठरवणे अवघड. डीएनएमध्ये मात्र काही जागी दोन-तीन अक्षरांचे तुकडे सलग पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची संख्या जातीगणिक वेगळी असते. या जागा म्हणजे जनुकीय खुणा, अर्थात मार्कर. पानातून डीएनए काढून अशा मोजक्या जागा तपासल्या की जात ओळखता येते. स्पेनमधील कोर्दोबाच्या ऑलिव्ह-संग्रहातली दुबार झाडे अशीच शोधली गेली. मोरोक्कोत बहुतांश बागा ‘पिकोलिन मारोकेन’ या एकाच जातीच्या आहेत. म्हणूनच तिथे दुर्मीळ स्थानिक जाती या पद्धतीने वेळीच ओळखून जपायला हव्यात. दुष्काळ आणि रोग सोसण्याचे गुण त्यांच्यात सापडू शकतात.