इंग्रजी शब्दांचा शोध

कोशात शब्द पाहणे सोपे. परंतु ज्या शब्दाचे पहिलेच अक्षर ठाऊक नाही तो पाहावा कोठे? इंग्रजी शब्दकोडे सोडविणाऱ्याची अडचण ही असते. शेवटची अक्षरे 'जी-आर-वाय' लागली, आरंभीचे दोन चौकोन मात्र रिकामे. आता 'अँग्री' हा शब्द सुचेपर्यंत सबंध कोश चाळावयाचा काय? जॉन वॉकर या इंग्रज कोशकाराने १७७५ साली शब्द अंत्याक्षरांच्या क्रमाने लावलेला कोश काढला. तो मुख्यतः यमके जुळविणारांच्या सोयीचा, पण कोडेवाल्यांनाही असाच कोश हवा असतो.

स्क्रॅबलमध्ये अडचण उलटी. अक्षरे हाती असतात, क्रम नसतो. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने मंदीच्या काळात, हाताला काम नसताना, वर्तमानपत्रांतील अक्षरे मोजून हा खेळ रचला. शंभर सोंगट्यांत 'ई'च्या बारा, 'क्यू'ची एकच; म्हणून तिचे गुण दहा. येथे उपाय असा की, हातातली अक्षरे प्रथम वर्णक्रमाने मांडावी. 'ई-आय-एल-एन-एस-टी' हा एक जुडगा ओळखीचा झाला की 'लिसन', 'सायलेंट', 'एनलिस्ट', 'टिन्सेल' असे चार शब्द एकदम हाती येतात.

नुसत्या पाठांतरानेही पुष्कळ साधते. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे विजेते झाले! अशी स्मरणशक्ती किती जणांना लाभणार? आपण भाषेचा इतिहास हाताशी धरावा हे बरे. 'व्ही' असलेला दोन अक्षरी शब्द स्क्रॅबलच्या यादीत एकही नाही. 'यू' आणि 'व्ही' ही एकेकाळी एकाच अक्षराची दोन रूपे होती. शेवटी उघडी 'व्ही' ठेवली तर वाचताना घोटाळा होई. म्हणून 'गिव्ह', 'लव्ह' यांच्या शेवटी मुका 'ई' टिकून राहिला.

'क्यू'पुढे 'यू' लिहिण्याची रीत नॉर्मन-फ्रेंच लेखनिकांची. 'क्वीन' हा शब्द त्यापूर्वी 'सी-डब्ल्यू'ने लिहीत. खेळात 'यू'च्या सोंगट्या चारच. त्या संपल्या आणि 'क्यू' हातात राहिली, तर शेवटी दहा गुण वजा होतात. अशा वेळी उपयोगी पडणारे 'यू'विरहित शब्द कोणते? चिनी भाषेतून आलेला, प्राणशक्ती या अर्थाचा 'क्यू-आय' हा एक. बाकीचे पाहिले तर आपणांस हसू येईल: फकीर, काजी, कव्वाली, तलाक! अरबीतील कंठ्य 'काफ' दाखविण्यासाठी इंग्रजांनी 'क्यू' वापरला. लंडनच्या खेळाडूला जे शब्द घोकावे लागतात ते आपल्या आजीच्या तोंडी होते. आपण लक्षात ठेवावयाचे ते फक्त स्पेलिंग. काजीत मध्ये 'डी' येतो, 'झेड' नव्हे.

मात्र खेळास बसण्यापूर्वी कोणता कोश प्रमाण मानावयाचा हे ठरवून घ्यावे. फकीर 'के'नेही लिहितात, तेही ग्राह्यच. पण 'के'चे गुण पाचच.