दाबलेला झाडू कमी झाडतो

‘थोडा और दबाओ.’ जबलपूरकडे छोट्या ट्रॅक्टरला मागून फिरता झाडू जोडला जात असला, की बाजूला उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हे सांगतंच. मराठी घरात तेच ‘अजून जरा दाबून बसव’ असं होतं. मटारच्या हंगामात आवारात पडलेल्या शेंगा-पाला असो, गव्हाच्या खळ्यावरचा भुसा असो, की ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबरी रस्त्यावर आणलेली माती, सल्ला एकच. आणि तो चुकीचा आहे.

हा गैरसमज येतो कुठून, तेही समजण्यासारखं आहे. या भागात हवेली पद्धतीची शेती रुजलेली. उंच बांधांच्या शेतात पावसाळाभर पाणी कोंडून ठेवायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि गहू-हरभरा पेरायचा. अशा काळ्या, चिवट मातीत नांगर असो वा कल्टिव्हेटर, अवजार मातीत घुसलं तरच काम होतं. पिढ्यान्‌पिढ्या हाताला तीच सवय. पण झाडू हे मशागतीचं अवजार नाही. त्याला जमिनीत शिरायचं नसतं, जमिनीवरून निसटायचं असतं.

झाडूचं सगळं काम केसांच्या टोकाशी चालतं. फिरता केस जमिनीला टेकतो, किंचित वाकतो आणि सुटताना स्प्रिंगसारखा सरळ होत कचरा पुढे उडवतो. घरात केरसुणी फिरवतानाही आपण हेच करतो. ती फरशीवर दाबून धरली तर केर जागचा हलत नाही. केस फार वाकला की टोकाऐवजी त्याची बाजू घासत राहते, झटका मरतो आणि कचरा उडण्याऐवजी फरपटतो.

किती दाब म्हणजे फार दाब? याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत मिळतं. ६० सेंटिमीटर व्यासाचा ब्रश फक्त १ मिलिमीटर खाली दाबला, तर तो जमिनीला सुमारे ५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात टेकतो. ४ मिलिमीटर दाबला तर पट्टा जवळपास १० सेंटिमीटर होतो. २ सेंटिमीटर दाबला, आणि उत्साहात एवढं सहज दाबलं जातं, तर पट्टा २१ सेंटिमीटरच्या पुढे जातो. झाडू बनवणाऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत हा पट्टा साधारण ५ ते १० सेंटिमीटर ठेवायला सांगतात. म्हणजे सगळा हिशेब एक ते चार मिलिमीटरचा! बोटाच्या पेराएवढाही नाही.

हे तपासायला कोणतंही उपकरण लागत नाही. सपाट, धुळकट फरशीवर ट्रॅक्टर उभा करून हँडब्रेक ओढावा, ब्रश खाली घेऊन काही सेकंद जागेवरच फिरवावा, मग उचलून ट्रॅक्टर बाजूला न्यावा. धुळीत उमटलेला पट्टा दोन्ही टोकांना सारखाच रुंद हवा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळता दिसला, तर यंत्र तिरकं बसलं आहे; खालच्या आर्मची उंची जुळवावी लागेल. तसंच चालवलं तर ब्रश शंकूसारखा झिजतो, आणि मग यंत्र सरळ बसवलं तरी झिजलेल्या बाजूला न झाडलेली पट्टी राहते.

जास्त दाबाची किंमत तिहेरी असते. घर्षण वाढल्यामुळे इंजिन दमतं आणि डिझेल जळतं. प्लास्टिकचे केस बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. ते १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतात आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडतात. घासून तापलेले केस एकदा मुडपले की मुडपलेलेच राहतात. शिवाय ब्रश अकाली झिजतो. म्हणून लिफ्ट सोडून सगळा भार केसांवर टाकू नये. यंत्राला टेकूची चाकं असतील तर वजन त्यांनी पेलायचं. नसतील तर लिफ्टच्या पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर, उंची पक्की करायची. ओढीनुसार खोली बदलणारा ड्राफ्ट कंट्रोल नांगरासाठी आहे, इथे त्याला हात लावायचं कारण नाही. झीज होत जाते तशी उंची पुन्हा जुळवावी लागते, हे मात्र खरं. ‘दाबा’ या सल्ल्यात खरेपणा असलाच, तर एवढाच.

दाबाखेरीज आणखीही काही गैरसमज ऐकू येतात. ‘चोवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे, काहीही ओढेल.’ तो आकडा इंजिनाचा. झाडूला मिळते ती पीटीओची, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या अवजार फिरवणाऱ्या दांड्याची ताकद, आणि ती कमी असते. जबलपूरहून वाहत जाणाऱ्या नर्मदेच्याच काठी, सीहोर जिल्ह्यातल्या बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची कृषियंत्र प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालांत पीटीओची ताकद वेगळी मोजलेली असते. खरेदीआधी तो आकडा पाहावा.

‘पीटीओ जितका जोरात, तितकी सफाई चांगली.’ उलट, धूळ जास्त उडते. पीटीओला दोन वेग असतील तर यंत्रावर लिहिलेलाच निवडावा, बहुधा मिनिटाला ५४० फेरे.

‘रोटाव्हेटरचा पीटीओ शाफ्ट यालाही चालतो.’ खाचा जुळल्या म्हणून लांबी जुळतेच असं नाही. लिफ्ट वरखाली करून पाहावं: सर्वांत लांब स्थितीत दोन नळ्या किमान एक तृतीयांश एकमेकींत असाव्यात, सर्वांत आखूड स्थितीत त्या तळाला भिडू नयेत. आणि शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकणाऱ्यांनी एक गणित करावं. ५४० फेरे मिनिटाला म्हणजे ९ फेरे सेकंदाला. सात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट तेवढ्यात जवळपास दोन मीटर कापड गुंडाळतो, म्हणजे खांद्यावरचा अख्खा गमछा एका सेकंदात. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. ही गोष्ट कितीही वेळा सांगावी लागली तरी चालेल.

‘झाडू फिरला म्हणजे धूळ गेली.’ हा गैरसमज शहराच्या दृष्टीने महत्त्वाचा. २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत जबलपूर दुसरं आलं. रस्त्यावरच्या धुळीचा वाटा किती मोठा असू शकतो, हे आयआयटी कानपूरच्या २०१६ च्या दिल्लीवरील अभ्यासात दिसतं: तिथल्या पीएम १० या बारीक कणांच्या उत्सर्जनात रस्त्याच्या धुळीचा वाटा ५६ टक्के होता. उघडा ब्रश कचरा कडेला ढकलतो, पण बारीक धूळ हवेत सोडतो. पेटी असलेला झाडू, हलका पाण्याचा फवारा आणि वाऱ्याकडे पाठ करून काम, एवढं तरी पाळायला हवं. फवारा हलकाच हवा. काळ्या मातीवर जास्त पाणी पडलं की तिचा चिखल केसांना चिकटतो. ओला चिखल आधी फावड्याने किंवा ब्लेडने खरवडावा, उरलेला वाळल्यावर झाडावा.

गव्हाचा हंगाम आटोपला की यंत्र पावसाळाभर शेडमध्ये पडून राहतं, आणि पुष्कळदा ब्रशवरच टेकवलेलं. चार महिने वजनाखाली चपटे झालेले केस पुढच्या हंगामात सरळ होत नाहीत. फ्रेमला टेकू देऊन ब्रश जमिनीपासून अधांतरी ठेवावा, ऊन लागत असेल तर ताडपत्री टाकावी. दिवाळीनंतर यंत्र बाहेर काढलं, की पहिल्याच दिवशी धुळीतला पट्टा पुन्हा मोजावा.