दूरचे युद्ध, घरचा हिशेब (लेखांक ४) : तेलाची पिशवी आणि कर्जाचा हप्ता

युद्धामुळे महागाई होते हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. कारण कोणती वस्तू किती काळ आणि कोणाच्या घरात महागते, हे युद्धभूमी किती दूर आहे यावरून ठरत नसून त्या वस्तूला पर्याय काय आहे आणि तो कोठून येतो यावरून ठरते. रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर भारतातील खाद्यतेलाच्या बाजारात जे घडले, ते या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. या आयातीत इंडोनेशिया व मलेशियाच्या पामतेलाचा वाटा सर्वांत मोठा असून सूर्यफूल तेलाचा त्या मानाने लहान आहे. परंतु युद्धापूर्वी आयात होणाऱ्या सूर्यफूल तेलापैकी सुमारे नऊ-दशांश तेल युक्रेन आणि रशिया या दोनच देशांतून येत असे. काळ्या समुद्रावरील युक्रेनची बंदरे बंद पडताच हा पुरवठा तुटला. सूर्यफूल तेल न वापरणाऱ्या घरांना याची झळ लागण्याचे वरवर पाहता कारण नव्हते. तथापि खाद्यतेले ही एकमेकांची ‘पर्यायी वस्तू’ आहेत, म्हणजे एकाचा भाव चढला की ग्राहक दुसऱ्याकडे वळतो आणि त्यामुळे दुसऱ्याचाही भाव चढतो. सूर्यफुलाचे गिऱ्हाईक सोयाबीनकडे वळले, फरसाण व बिस्किटे करणाऱ्यांचा ओढा पामतेलाकडे वाढला, आणि अशा वेळी स्वतःच्याच देशात तेल महागल्यामुळे अस्वस्थ झालेल्या इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ पासून पामतेलाची निर्यात थांबवली. ही बंदी २३ मे रोजी उठली. मात्र युद्धाशी थेट संबंध नसलेल्या देशाचा निर्णयही युद्धाच्या झळा किती दूर नेतो, हे त्या काही आठवड्यांत दिसून आले. अर्थात तेलाचे भाव २०२० पासूनच चढत होते, त्यामुळे सारे खापर युद्धावर फोडणे योग्य ठरणार नाही.

या महागाईवर केंद्र सरकारने योजलेला उपाय आयात शुल्काचा, म्हणजे परदेशी मालावर देशात प्रवेश करताना बसणाऱ्या कराचा, होता. मे २०२२ मध्ये कच्चे सोयाबीन तेल व कच्चे सूर्यफूल तेल प्रत्येकी २० लाख टनांपर्यंत दर वर्षी शुल्काविना आणण्याची मुभा दोन आर्थिक वर्षांसाठी देण्यात आली. शहरातील ग्राहकाला याचा दिलासा मिळाला. पण जे स्वस्त तेल पुण्याच्या किराणा दुकानात हवेहवेसे वाटते, तेच लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव दाबते. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क पुन्हा वाढवले गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलांवर ते परत कमी झाले. महागाईचा भार या धोरणाने हलका केला असे म्हणण्यापेक्षा तो एका घरातून दुसऱ्या घरात हलवला असे म्हणणे अधिक अचूक आहे.

तेलाची चर्चा सर्वाधिक झाली, तरी नोकरदार कुटुंबाला सर्वांत महाग पडलेली गोष्ट तेल नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के झाला. रिझर्व्ह बँकेवर तो ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर ६ टक्क्यांच्या आत, राखण्याची जबाबदारी असल्याने तिने ४ मे रोजी, नियोजित बैठकीची वाट न पाहता, रेपो दर वाढवला. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीसाठी ज्या व्याजाने पैसे देते तो दर. तो ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. बदलत्या दराची बहुतेक नवी गृहकर्जे त्याच्याशी जोडलेली असल्याने त्यांचे व्याजही जवळजवळ तेवढेच वाढले.

महिन्याला ४ लिटर तेल लागणाऱ्या घरात लिटरमागे ४० रुपये वाढले असे धरले, तर जादा खर्च १६० रुपयांचा होतो. याउलट ६.७५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या २५ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे १९,००० रुपये बसतो आणि व्याज ९.२५ टक्के झाल्यावर तो सुमारे २२,९०० रुपये होतो. हप्ता जुनाच ठेवून केवळ मुदत वाढवावी म्हटले, तर कर्ज नुकतेच घेतलेल्या कुटुंबाचा तो हप्ता महिन्याच्या व्याजालाही पुरत नाही, कारण ते व्याजच १९,२७० रुपयांच्या घरात जाते. दरवाढीमागे युद्धाखेरीज कोविडनंतरची मागणी आणि अमेरिकेतील व्याजदर ही कारणेही होती, परंतु एप्रिल-मे मधील घाई युद्धाने आणली यात शंका नाही. त्यामुळे तेलाचे भाव उतरले तरी हप्ते चढेच राहिले.

अनेक बँकांनी ही वाढ हप्त्यात न दाखवता मुदतीत मिसळली आणि ग्राहकांना ते उशिरा कळले. व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दराकडे जायचे, ही निवड कर्जदाराला द्यावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. ज्या वाचकांचे कर्ज २०२२ पूर्वीचे आहे, त्यांनी खात्याचा उतारा मागवून आपली मुदत किती वाढली आहे हे एकदा तपासून घ्यावे. खताच्या गोणीवरील छापील किंमत या सर्व काळात फारशी का हलली नाही, याचा विचार पुढील लेखांकात होईल.