विश्लेषण : पोकरमध्ये पहिले दोन पत्ते इतके महत्त्वाचे का? कोणते खेळावेत, कोणते सोडावेत?

पोकर हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा, हा वाद भारतात न्यायालयांपासून संसदेपर्यंत पोहोचला आहे. कौशल्याची बाजू मांडणारे सर्वप्रथम ज्या गोष्टीकडे बोट दाखवतात, ती म्हणजे सुरुवातीच्या दोन पत्त्यांची निवड. कोणते पत्ते येणार हे खेळाडूच्या हातात नसते. आलेल्या पत्त्यांवर पैसे लावायचे की ते सोडून द्यायचे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते. या निवडीमागचे गणित काय आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याविषयी...

खेळ नेमका कसा चालतो?

पोकरचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. यात प्रत्येक खेळाडूला दोन पत्ते बंद मिळतात. त्यानंतर टेबलावर सर्वांसाठी सामाईक असे पाच पत्ते उघडले जातात. आधी एकदम तीन (याला ‘फ्लॉप’ म्हणतात), मग एक आणि शेवटी आणखी एक. हातातले दोन आणि टेबलावरचे पाच अशा सात पत्त्यांतून ज्याचा पाच पत्त्यांचा संच सर्वात वरचढ, तो डाव जिंकतो.

तीन पत्तीत जसा ‘बूट’ असतो, तसे येथे डीलरच्या डावीकडच्या दोन खेळाडूंना पत्ते पाहण्याआधीच ठरावीक रक्कम लावावी लागते. त्याला ‘स्मॉल ब्लाइंड’ आणि ‘बिग ब्लाइंड’ म्हणतात. तीन पत्तीतील ‘ब्लाइंड’शी, म्हणजे पत्ते न पाहता खेळण्याशी, याचा संबंध नाही. पत्ते आवडले नाहीत तर ते टाकून देता येतात. तीन पत्तीतील ‘पॅक’ म्हणजेच पोकरमधील ‘फोल्ड’.

१,३२६ जोड्या, १६९ प्रकार कसे?

५२ पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ वेगवेगळ्या प्रकारे मिळू शकतात. पण सुरुवातीला बदामाचा एक्का आणि इस्पिकचा एक्का यांच्या किमतीत फरक नसतो. त्यामुळे हे सारे पर्याय १६९ प्रकारांत बसतात. त्यात १३ जोड्या (दोन राजे, दोन सत्त्या वगैरे), एकाच चिन्हाचे ७८ आणि वेगवेगळ्या चिन्हांचे ७८ प्रकार येतात.

हे प्रकार सारख्या प्रमाणात मात्र येत नाहीत. सुमारे ७१ टक्के वेळा हातात दोन वेगळ्या चिन्हांचे, जोडी नसलेले पत्ते येतात. एकाच चिन्हाचे पत्ते साधारण २३.५ टक्के वेळा येतात. कोणतीही जोडी येण्याची शक्यता १७ पैकी एक, तर दोन एक्के येण्याची शक्यता २२१ पैकी केवळ एक. समोरासमोरच्या खेळात तासाला ३० डाव होतात असे धरले, तर दोन एक्के सरासरी सात तासांतून एकदा दिसतात.

सर्वात बलवान पत्ते कोणते?

दोन एक्के हे सर्वश्रेष्ठ. त्यानंतर दोन राजे, दोन राण्या, दोन गुलाम आणि एकाच चिन्हाचे एक्का-राजा यांचा क्रमांक लागतो. अमेरिकी खेळाडू आणि लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांनी सुरुवातीच्या पत्त्यांची जी आठ गटांत विभागणी केली, त्यातील पहिल्या गटात हेच पाच प्रकार आहेत. आज संगणकावर कोट्यवधी डाव खेळवून अधिक बारीक तक्ते तयार होतात, पण वरच्या टोकाला फारसा बदल झालेला नाही.

दुसरे टोक म्हणजे वेगळ्या चिन्हांची सत्ती-दुर्री. यात जोडी नाही, मोठा पत्ता नाही, एक चिन्ह नाही आणि सलग क्रम जुळण्याचीही आशा नाही. म्हणून नऊ-दहा जणांच्या टेबलावर ती सर्वात वाईट मानली जाते. दोन एक्क्यांसमोर ती आली, तर शंभरपैकी सुमारे ८८ वेळा एक्के जिंकतात.

एक्का आला म्हणजे खेळायचेच का?

नवखे खेळाडू सर्वाधिक पैसे येथेच गमावतात. समजा, हातात एक्का आणि सत्ती आहे. नऊ जणांच्या टेबलावर उरलेल्या आठ जणांपैकी किमान एकाकडे एक्का असण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. टेबलावर एक्का उघडला की दोघांचीही एक्क्यांची जोडी जमते आणि निकाल दुसऱ्या पत्त्यावर लागतो. तिथे सत्ती राजा, राणी, गुलाम, दश्शी या सर्वांपुढे हरते.

यालाच पोकरच्या भाषेत ‘डॉमिनेट होणे’ म्हणतात. एक्का-राजाविरुद्ध एक्का-राणी असा सामना झाला, तर एक्का-राजाचे पारडे साधारण तीन-चतुर्थांश वेळा जड राहते. म्हणजे एक्का-राणीसारखे देखणे पत्तेही चुकीच्या वेळी महागात पडतात. कारण हातात काहीच नसते तेव्हा खेळाडू कमी गमावतो. जवळपास चांगले असते तेव्हा तो शेवटपर्यंत पैसे लावत राहतो.

एकाच चिन्हाचे पत्ते किती उपयोगी?

वाटतात त्यापेक्षा बरेच कमी. दोन्ही पत्ते बदामाचे असले, तर फ्लॉपवर तिन्ही पत्ते बदामाचे येऊन ‘फ्लश’ तयार होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, म्हणजे साधारण ११९ पैकी एक आहे. एखाद्या अनोळखी हाताविरुद्ध एक्का-राजा वेगवेगळ्या चिन्हांचे असतील, तर सुमारे ६५ टक्के वाटा मिळतो. एकाच चिन्हाचे असतील, तर सुमारे ६७ टक्के. हा फरक दीर्घकाळात मोलाचा आहे, पण राजा-चौकीसारखे कमकुवत पत्ते केवळ दोन्ही किलवर आहेत म्हणून बलवान होत नाहीत.

लहान जोड्यांचेही असेच. दोन पंज्या हातात असतील, तर फ्लॉपवर तिसरी पंजी येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांतून एकदा. त्यामुळे अशा जोड्या स्वस्तात पुढे जाता येत असेल आणि समोरच्यांकडे पुरेशी रक्कम असेल, तरच फायद्याच्या ठरतात.

बसण्याच्या जागेचा काय संबंध?

खूप मोठा. तेच पत्ते एका खुर्चीत खेळण्याजोगे आणि दुसऱ्या खुर्चीत टाकण्याजोगे असू शकतात. नऊ जणांच्या टेबलावर ज्याला सर्वात आधी निर्णय घ्यावा लागतो, त्याच्यामागे आठ जण बोलायचे बाकी असतात. त्याच्याकडे दोन गुलाम असतील, तर मागच्या आठपैकी कोणाकडे तरी राण्या, राजे किंवा एक्के यांची जोडी असण्याची शक्यता सुमारे ११ टक्के असते. तोच खेळाडू डीलरच्या जागेवर (‘बटण’) असेल आणि आधीच्या सर्वांनी पत्ते टाकले असतील, तर मागे दोघेच उरतात आणि हा धोका सुमारे तीन टक्क्यांवर येतो.

शिवाय बटणावरील खेळाडू फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत सर्वांत शेवटी बोलतो. म्हणजे इतरांनी काय केले, हे पाहून तो ठरवतो. म्हणूनच पहिल्या जागेवरून साधारण १० ते १५ टक्के पत्तेच खेळावेत आणि बटणावरून हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढवावे, असा सल्ला दिला जातो.

मग फक्त एक्क्यांची वाट पाहिली तर?

तेही परवडत नाही. नऊ जणांच्या टेबलावर प्रत्येक फेरीत खेळाडूला दोन्ही ब्लाइंड मिळून दीड बिग ब्लाइंड भरावे लागतात. बिग ब्लाइंड १०० रुपयांचा असेल, तर नऊ डावांमागे १५० रुपये. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, म्हणजे तोवर सुमारे ३,७०० रुपये काहीही न खेळता जातात. इतके करून एक्के आलेच, तर शांत बसलेला खेळाडू अचानक पैसे लावतोय हे पाहून इतर सगळे पत्ते टाकतात. निवड काटेकोर हवी, पण इतरांना सहज ओळखता येईल इतकी ठरावीक नको.

चांगले पत्ते म्हणजे जिंकण्याची हमी?

नाही. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकतात. चार जण विरोधात असतील तर हे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते आणि नऊ जण शेवटपर्यंत राहिले तर अवघे ३१ टक्के. त्यामुळे बलवान पत्ते आल्यावर बोली वाढवून स्पर्धक कमी केले जातात.

याउलट, वाईट पत्तेही कधी कधी जिंकतात आणि तेच लक्षात राहतात. डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हा दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. आजही या पत्त्यांना त्यांच्या नावाने ओळखले जाते. पण यावरून दश्शी-दुर्री खेळावी असा धडा घेणारे, त्याच पत्त्यांवर हरलेल्या असंख्य डावांचा हिशेब धरत नाहीत.

आणखी एक हिशेब अनेकदा विसरला जातो. पैशांच्या टेबलावर आयोजक प्रत्येक मोठ्या डावातून किंवा वेळेनुसार आपला वाटा कापून घेतो. त्यामुळे सर्व खेळाडू सारख्याच कुवतीचे असतील, तर दीर्घकाळात सर्वांचेच नुकसान होते. उत्तम निवडीमुळे तोटा कमी होतो. नफा होईलच असे नाही.

भारतात कायदा काय सांगतो?

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये के. सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले आणि तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची असल्याचे म्हटले. पोकरबाबत उच्च न्यायालयांत एकमत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये कौशल्याच्या बाजूने कौल दिला, तर गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरला जुगार ठरवले. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येबाहेर आहे. गोव्यात परवानाधारक कॅसिनोंमध्ये तो खेळला जातो.

ऑनलाइन खेळाबाबत मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हा वादच बाजूला ठेवला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो ऑनलाइन खेळवण्यावर या कायद्याने बंदी घातली. असा खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्यामुळे पैसे लावून पोकर खेळवणारे एखादे ॲप किंवा संकेतस्थळ ‘हा कौशल्याचा खेळ आहे, म्हणून कायदेशीर आहे’ असे सांगत असेल, तर तो दावा या कायद्यापुढे टिकणारा नाही.