मद्यासक्तीतून मुक्ती आणि नोकरीचे स्थान

मद्यासक्त माणसाला कामात गुंतवून ठेवावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. रिकामा वेळ हे व्यसनाचे मूळ होय, अशी समजूत त्यामागे असते. परंतु नोकरीत असतानाच ज्यांचे मद्यपान वाढत गेले, अशी माणसे थोडी नाहीत. तेव्हा नोकरी व्यसनमुक्तीस साहाय्यभूत होते ती नेमकी कशामुळे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

या बाबतीत जॉर्ज हंट आणि नेथन ॲझरिन यांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग उद्‌बोधक आहे. नोकरी, कुटुंब व मित्रमंडळ यांपासून भरपूर समाधान लाभत असेल आणि मद्यपान करताच ते अंतरत असेल, तर मद्यपान कमी होईल, असे त्यांचे गृहीतक होते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ॲना येथील शासकीय मनोरुग्णालयात त्यांनी १६ पुरुष रुग्णांच्या ८ जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतील एकास रुग्णालयाचे नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्यास त्याशिवाय नोकरी शोधण्याचे पद्धतशीर साहाय्य, कौटुंबिक समुपदेशन आणि मद्यरहित मंडळाची सोबत मिळाली. परिचितांकडे चौकशी कशी करावी, मुलाखतीस कसे सामोरे जावे, याची तालीम रुग्णाकडून करून घेतली जाई. त्यानंतरच्या सहा महिन्यांत नेहमीच्या उपचारांवरील रुग्णांचे ७९ टक्के दिवस मद्यपानात व ६२ टक्के दिवस बेकारीत गेले. दुसऱ्या गटात हेच प्रमाण अनुक्रमे १४ व ५ टक्के होते.

अर्थात रुग्णसंख्या अल्प होती व उपाय संमिश्र होते. म्हणून सारे श्रेय एकट्या नोकरीस देता येत नाही. या दृष्टीने बाल्टिमोर येथील १२४ बेघर मद्यासक्तांवरील, २०११ साली प्रसिद्ध झालेले संशोधन महत्त्वाचे आहे. त्यात एका गटास प्रशिक्षण विनावेतन, दुसऱ्यास सवेतन होते. तिसऱ्या गटास कामावर प्रवेश व पूर्ण वेतन श्वासचाचणीत मद्याचा अंश न आढळल्यासच मिळे. नुसते वेतन मिळणाऱ्यांपेक्षा या तिसऱ्या गटात मद्यपान कमी आढळले.

यावरून असे म्हणता येईल की, नोकरीचे बळ वेळ भरून काढण्यात नसून, मद्यपानाने जे गमवावे लागेल असे काही तिच्या रूपाने माणसाच्या हाती असते, यात आहे. मद्यासक्त कामगारास तडकाफडकी काढून टाकले, तर हे बळच नष्ट होते; त्याच्या मद्यपानाकडे डोळेझाक केली, तर ते निरुपयोगी ठरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या तज्ज्ञांनी १९९५ साली संमत केलेल्या आचारसंहितेने या दोहोंमधील मार्ग दाखविला आहे. मद्यविषयक समस्या आरोग्याची समस्या मानावी, उपचार घेणाऱ्याची नोकरी शाबूत राखावी आणि मालकाचा शिस्तभंगाच्या कारवाईचा अधिकारही अबाधित असावा, असे तीत म्हटले आहे. उपचाराची संधी आणि तिच्याशी निगडित अट ही दोन्ही असतील, तेव्हाच नोकरी व्यसनमुक्तीचा आधार ठरू शकते.