मद्यमुक्ती साहाय्यगट
मद्यासक्तीतून बाहेर पडू इच्छिणाऱ्या व्यक्तींनी ठराविक वारी एकत्र जमून, परस्परांच्या अनुभवांच्या आधारे मद्यापासून दूर राहण्यासाठी चालविलेला गट. व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण काही आठवडे राहून घरी परततो. साहाय्यगट त्यानंतरच्या वर्षांसाठी असतो. मद्यपान थांबविण्याची इच्छा एवढीच त्याच्या सभासदत्वाची अट होय.

अशा गटांपैकी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए. ए.) हा सर्वांत प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कचे रोखेव्यवसायी बिल विल्सन व ओहायओ राज्यातील अ‍ॅक्रन येथील शल्यचिकित्सक रॉबर्ट स्मिथ यांच्या १९३५ मधील भेटीतून त्याचा उगम झाला. दोघेही मद्यासक्त होते आणि एका मद्यासक्ताने दुसऱ्याशी बोलत राहिल्यास दोघांनाही मद्यापासून दूर राहता येते, असा अनुभव त्यांना आला. त्यांचा बारा पायऱ्यांचा कार्यक्रम १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. भारतात या कार्याची सुरुवात १९५७ मध्ये झाली व मुंबई हे त्याचे आरंभीचे प्रमुख केंद्र होते. पुण्यात डॉ. अनिता (सुनंदा) अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापिलेल्या मुक्तांगण केंद्रानेही उपचारानंतरच्या पाठपुरावा सभांना महत्त्व दिले.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात मद्यमुक्तीचा विचार प्रामुख्याने दारूबंदीच्या अंगाने झाला. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी येथे १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या नेतृत्वाखाली ग्रामस्थांनी गावातील हातभट्ट्या बंद केल्या. तरीही पिणाऱ्यांना मंदिराजवळच्या खांबाला बांधून फटके देण्यात आले, हे हजारे यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. या मार्गाने गावाचा कायापालट झाला, हे निर्विवाद. पण धाक हा पुरवठा व उघड मद्यपान रोखतो, आसक्ती नव्हे. शेजारच्या गावी बाटली मिळत असेल, तर बंदी शिवेपाशी संपते. लोकलज्जेने लपून पिणारा मनुष्य मदत मागण्यासही धजत नाही, ही या मार्गाची दुसरी बाजू होय. वारकरी परंपरेतील माळ घालण्याची रीत याहून साहाय्यगटाला अधिक जवळची आहे. माळकरी स्वेच्छेने मद्यमांस वर्ज्य करतो आणि भजनाची, सप्ताहाची व वारीची सोबत त्याचा नेम टिकविते. मात्र नेम मोडल्यास तो सांगावा कोठे, याची सोय तेथे सहसा नसते. साहाय्यगटात नेमकी तीच असते.

ए. ए.ची सभा साधारणतः तासा-दीड तासाची असते. सभासद केवळ पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव कथन करतो. इतरांनी मध्येच बोलू नये व उपदेश करू नये, असा संकेत आहे. आजन्म शपथेऐवजी ‘आजचा दिवस पिणार नाही’ एवढाच निश्चय केला जातो. पुन्हा प्यालेल्यास गटातून काढीत नाहीत. खुल्या सभेला आप्तेष्ट येऊ शकतात, तर बंद सभा केवळ मद्यासक्तांसाठी असते. शुल्क नसते, खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. व्यावसायिकांनी रुग्णांना या कार्यक्रमाशी पद्धतशीरपणे जोडून दिल्यास अखंड मद्यवर्जनाचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा वाढते, असे २०२० च्या कॉक्रेन समीक्षणात आढळले.

अनामिकतेच्या तत्त्वामुळे अशी सभा शोधणे नवख्यास अवघड जाते. सभेच्या जागेवर फलक असेलच असे नाही. सभा बहुधा शाळेच्या किंवा चर्चच्या खोलीत संध्याकाळी भरतात. ए. ए.च्या सेवा कार्यालयाकडून जवळच्या सभेचे ठिकाण व वार समजतो. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्ती केंद्रे, तसेच १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी व १४४१६ ही टेलि-मानस सेवा यांकडेही चौकशी करता येते. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात (१७,०४८ चौ. किमी.) अंतर हीच मोठी अडचण आहे. अकोले-संगमनेरच्या मनुष्यास नासिक, तर पारनेर-श्रीगोंद्याच्या मनुष्यास पुणे गाठणे पुष्कळदा सोयीचे ठरते. तालुक्याच्या गावी सर्वच ओळखीचे असल्याने काहीजण मुद्दाम परगावची सभा पसंत करतात, ते गैर नव्हे. परतीची शेवटची एस. टी. चुकणार असेल, तर दूरध्वनीवरील किंवा आंतरजालावरील सभा उपयोगी पडते. जवळपास गटच नसल्यास दोघा-तिघांनी जमून तो सुरू करण्यास ए. ए.च्या परंपरेत मुभा आहे.

सभेला जाण्यापूर्वी एक धोका ध्यानी घ्यावा लागतो. दीर्घकाळ रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी मद्य थांबविल्यास हातांना कंप सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात, तर दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम व भास होऊन जीवावर बेतू शकते. म्हणून अशा व्यक्तीला कोंडून अथवा बांधून ठेवणे घातक होय. तिला प्रथम रुग्णालयात न्यावे लागते. तेथे औषधे व ब१ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडता येतो [⟶ मद्यासक्ती]. साहाय्यगट या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.

घरच्यांसाठी निराळ्या सभा असतात. ए. ए.शी समांतर असलेली अल्-अ‍ॅनॉन ही संघटना १९५१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. पती सभेला येण्यास तयार नसला, तरी पत्नीला या सभांना एकटीने जाता येते.