ताकाचा थेंब आणि चिखलाची बाटली

ताकाचा एक थेंब घ्या. थोडं पाणी घालून पातळ करा, काचपट्टीवर पसरवा, सुकू द्या. पट्टी ज्योतीवरून दोन-तीनदा झरकन फिरवा, वर मिथिलीन ब्लूचे दोन थेंब टाका आणि मिनिटभराने पाण्याने हलकेच धुवा. आता सूक्ष्मदर्शी. दहा पटींची नेत्रिका आणि चाळीस पटींचं भिंग, म्हणजे सगळं चारशे पट मोठं. आधी नुसतं धूसर दिसतं. बारीक स्क्रू केसभर फिरवला की एकदम निळ्या काड्या उमटतात. काही सुट्या, काही टोकाला टोक लावून जोडलेल्या, मध्येच गोल मण्यांच्या लहान माळा. एकेक काडी मिलिमीटरच्या काही हजारांशाएवढी. पहिल्यांदा हे बघणारं मूल डोळा बाजूला करून ताकाच्या भांड्याकडे बघतं, आणि मग पुन्हा डोळा लावतं. सूक्ष्मजीवशास्त्राचं शिक्षण खरं तर त्या दोन नजरांच्या मध्ये सुरू होतं.

आपल्याकडे ते बहुतेकदा फळ्यावर सुरू होतं. नववीच्या विज्ञानात उपयुक्त आणि उपद्रवी सूक्ष्मजीवांचा पाठ आहे, दहावीत या शास्त्राची ओळख आहे. पाठ चांगले आहेत. पण डोळ्यांनी काही दिसण्याआधीच नावं पाठ करावी लागतात, आणि न पाहिलेल्या जिवाचं नाव परीक्षेनंतर आठवडाभरसुद्धा टिकत नाही. मी स्वतः दंडगोल जिवाणूची आकृती वहीत कितीदा तरी काढली होती. ती काडी सकाळच्या ताटातल्या दह्यात आहे, हे मात्र कितीतरी वर्षांनी कळलं.

आणि ज्ञान तर घरातच असतं. दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं, असं आजी सांगते, कारण विरजणातल्या जिवाणूंना तीच ऊब मानवते. थंडीत ती पातेलं कापडात गुंडाळते. रात्रभर ते जीव दुधातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, आंबटपणा वाढतो, दुधातलं प्रथिन गोळा होतं आणि सकाळी दही लागलेलं असतं. तापमान, वेळ आणि सुरुवातीचं बीज सांभाळून जीव वाढवणं, प्रयोगशाळेत यालाच संवर्धन म्हणतात.

प्रयोगशाळेनेही स्वयंपाकघराकडून उघडपणे घेतलं आहे. 1881 च्या सुमारास जर्मनीत वॉल्थर हेस हे डॉक्टर हवेतले जिवाणू जिलेटिनवर वाढवत होते. उन्हाळ्यात जिलेटिन वितळायचं, आणि काही जिवाणू तर त्याचं पाणीच करून टाकायचे. त्यांची पत्नी फॅनी हेस त्यांच्या कामात हातभार लावायची. तिच्या जेली मात्र उन्हाळ्यातही घट्ट राहायच्या, कारण जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती समुद्रशेवाळापासून मिळणारा अगार वापरायला शिकली होती. तिने तो सुचवला. अगार उकळत्या पाण्यात विरघळतो, चाळिसेक अंशांखाली गोठतो आणि एकदा गोठला की पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. त्यामुळे माणसाच्या अंगाच्या उबेला वाढणारे जिवाणू त्यावर सुखाने वाढतात. जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाच्या जिवाणूवरच्या निबंधात अगारचा उल्लेख केला. फॅनीचं नाव त्यात नाही. प्रत्येक विज्ञान शिक्षकाने ते वर्गात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्या घरी पुडिंगसाठी आणतात ते चायना ग्रास म्हणजेच हा अगार.

शाळेत अगारवर जिवाणू वाढवायचे तर एक काळजी मात्र सांगायलाच हवी. अगारवर हवेतलं किंवा हातावरचं काय वाढेल ते आधी सांगता येत नाही. बशी चिकटपट्टीने बंद करावी, बाहेरूनच बघावी, मुलांना उघडू देऊ नये. शाळेत तशी सोय नसेल तर त्याहून सोपी आणि माझ्या मते त्याहून सुंदर गोष्ट आहे, चिखलाची बाटली.

तळ्याकाठचा काळा चिखल आणा, खडे वेचून टाका. त्यातल्या थोड्या चिखलात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक आणि कुटलेलं कवच मिसळून पारदर्शक बाटलीच्या तळाशी भरा. त्यावर साधा चिखल, त्यावर दोन बोटं तळ्याचं पाणी. झाकण सैल ठेवा आणि बाटली खिडकीत उजेडाला ठेवा. तळाचा प्राणवायू लवकरच संपतो. तिथले जीव कागद कुजवतात, गंधकापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि चिखल काळाकुट्ट होतो. हा वायू खालून वर झिरपतो, प्राणवायू वरून खाली. या दोन प्रवाहांमध्ये ज्याला जे मानवतं त्या उंचीवर तो जीव वस्ती करतो. काही आठवड्यांनी काचेशी रंगांचे पट्टे दिसू लागतात. वर निळे-हिरवे, मध्ये जांभळे, त्याखाली हिरवट गंधक-जिवाणू. जांभळे जीव सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात, पण पाण्याऐवजी आपल्याला विषारी असलेला तो वायू वापरतात आणि प्राणवायू सोडतच नाहीत. अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत मुक्त प्राणवायू जवळजवळ नव्हता. त्या काळची जगण्याची रीत वर्गातल्या खिडकीत चालू असते.

ही बाटली कीव्हमध्ये जन्मलेल्या सर्गेई विनोग्राडस्की यांच्या नावाने ओळखली जाते. जिवाणू एकटा पकडून शुद्ध वाढवायचा, अशी कॉखची रीत होती. विनोग्राडस्कींना तो त्याच्या शेजाऱ्यांसकट बघायचा होता. 1887 मध्ये त्यांनी दाखवून दिलं की काही जिवाणू उजेडावर किंवा दुसऱ्याच्या अन्नावर नव्हे, तर निव्वळ गंधकाच्या रासायनिक क्रियेतून ऊर्जा मिळवतात. पहिली-दुसरीच्या मुलांनी बाटलीतले रंग वहीत काढावेत. आठवीने दर आठवड्याला पट्ट्यांची उंची मोजावी. महाविद्यालयाने प्रत्येक थरातला थेंब सूक्ष्मदर्शीखाली न्यावा. बाटली एकच पुरते.

शिक्षकहो, जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिला पाऊस पडून गेला की शाळेजवळच्या डबक्यातला चिखल घ्या आणि एक बाटली भरून खिडकीत ठेवा. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परत येतील, तेव्हा त्यांना आधी तिच्याकडेच घेऊन जा.